पाणीगेटसमोरचा वैशाख

वैशाख लागला की बडोद्यात, आमच्या अकोट्याच्या सोसायटीत गच्च्यांवर पातेली दिसू लागतात. राजापुरी कैरीचा कीस, साखर, हळद, मीठ आणि वर ताणून बांधलेलं पांढरं मलमलचं फडकं. छुंदो. आम्ही मराठी लोक मोरांबा चुलीवर शिजवणारे. उन्हानं शिजणारा हा प्रकार आईनं लग्न होऊन बडोद्याला आल्यावर शेजारणींकडून उचलला आणि आता तिच्या छुंद्याला गुजराती घरांतून मागणी असते. आठ-दहा दिवस सकाळी पातेलं वर न्यायचं, दुपारी ढवळायचं, ऊन कलताना खाली आणायचं. आईचे गुडघे जिना चढू देत नाहीत, म्हणून गेली काही वर्षं हे काम माझ्याकडे आहे. दुपारी दोन वाजता गच्चीची फरशी चपलेतूनसुद्धा पोळते. मी फडकं सोडते, ढवळते, पाक किती झाला ते बघते आणि हे सगळं करताना चिडलेली असते.

आई म्हणते, तुला ऊन सोसत नाही. मी हो म्हणते. जन्मापासून बडोद्यात राहिलेल्या, पन्नाशीला टेकलेल्या बाईला ऊन सोसत नाही, हे आईलाही पटत नसणार. पण ती पुढं विचारत नाही. ऊन मला चांगलं सोसतं. सोसत नाही तो हा महिना. गच्चीवर साखरेचा आणि कैरीचा तो आंबट-गोड, गरम वास आला की मला त्याच्यामागोमाग दुसरा एक वास येतो. तापलेल्या प्लॅस्टिकचा, धुळीचा, बंद केबिनमधला. आणि मग वीसेक वर्षांपूर्वीचा एक वैशाख डोक्यातून हलत नाही.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कंपनीत काम करत होते. आजूबाजूच्या कारखान्यांची ईमेल आम्ही सांभाळायचो. आज कुणी विचारेल, ईमेल काय सांभाळायची असते? तेव्हा सांभाळायला लागायची. कारखान्यात फोनची एक लाइन, तिला जोडलेला मोडेम, तो किंचाळून, खाकरून एकदाचा जोडला जाणार आणि मग परदेशातल्या गिऱ्हाइकाचं पत्र आमच्या यंत्रातून त्यांच्याकडे उतरणार. देश खुला होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. मकरपुऱ्यात पत्र्याच्या शेडमध्ये व्हॉल्व्ह बनवणारा माणूस जर्मनीशी बोलायला लागला होता, आणि त्याचं ते सगळं बोलणं आमच्या काचेच्या केबिनमधून जायचं. मला याचा फार अभिमान होता. स्कूटरवरून विश्वामित्रीचा पूल ओलांडताना मी स्वतःला शहरातल्या चार महत्त्वाच्या माणसांपैकी एक समजायचे.

आमचे मालक जयंतभाई. पन्नाशी ओलांडलेले, पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन पेनं. आधी ते टेलेक्स आणि टायपिंगचं काम करायचे. टेलेक्स गेला, त्याची जागा ईमेलनं घेतली आणि त्यांनी नुसती पाटी बदलली. टेलेक्सवर बसणाऱ्या नीताबेनना मात्र त्यांनी ठेवून घेतलं होतं. नीताबेन जुन्या शहरात, पाणीगेटला राहायच्या. चाळिशीच्या, सुती साडी, डब्यात रोज थेपले, आणि हातात कायम एक वही. कुठलंही काम शिकवा, त्या आधी वहीत पायऱ्या लिहून घेत, मग बोट ठेवून एकेक पायरी करत. मला त्याचं हसू यायचं. मला तेव्हा बऱ्याच गोष्टींचं हसू यायचं.

केबिनमध्ये दोन यंत्रं होती. त्यांना नावं मी ठेवली होती, शहराच्या दरवाजांवरून. एक मांडवी, दुसरं पाणीगेट. सगळ्यांची पत्रं पाणीगेटवर येत. नीताबेन म्हणाल्या होत्या, माझ्या घराचा पत्ता मशीनला दिलात, आता टपाल इथंच येणार.

आणि ही दोन्ही यंत्रं मी घडवली होती. म्हणजे पत्रा-तारा नव्हे, त्यांच्या आतली व्यवस्था. लिनक्स, म्हणजे यंत्र चालवणारी मूळ व्यवस्था, तेव्हा तयार मिळायचं. संगणकाच्या मासिकासोबत फुकट सीडी यायची. ती घालायची, दहा वेळा पुढे-पुढे करायचं, तासाभरात यंत्र तयार. शहाणी माणसं तेच करत. मला ते बाजारातलं तयार पीठ वाटायचं. कुणी कसं दळलं, त्यात काय मिसळलं, कोण जाणे. इंटरनेटवर एक मार्गदर्शिका सापडली होती, लिनक्सचा एकेक तुकडा मूळ संहितेपासून, म्हणजे माणसानं लिहिलेल्या मजकुरापासून, स्वतः कसा बांधायचा याची. जयंतभाई सुरतेला गेले असताना मी ती ऑफिसच्या प्रिंटरवर सगळी छापून घेतली. मग सुरू झालं. आधी एक कंपायलर बांधायचा, म्हणजे प्रोग्राम बनवणारा प्रोग्राम. मग त्या कंपायलरनं तोच कंपायलर पुन्हा बांधायचा, म्हणजे जुन्या यंत्राचा काही अंश राहायला नको. मग त्यानं बाकीचं सगळं. फाइलींची यादी दाखवणारी साधी आज्ञासुद्धा मी स्वतः बांधली. आज्ञा देऊन बसायचं, पडद्यावर अक्षरं धावत राहायची, एकेका तुकड्याला अर्धा तास, एखाद्याला तीन तास. मध्येच अडलं की मागं जायचं, एक शब्द बदलायचा, पुन्हा. दोन महिने गेले. शेवटी यंत्र पहिल्यांदा स्वतःच्या पायावर उठलं, काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ आली आणि मी केबिनमध्ये एकटीच रडले. त्या रडण्याची मला आजही लाज वाटत नाही.

पुढं मी जे केलं त्याची वाटते. असं घरी बांधलेलं यंत्र शिकण्यासाठी ठेवावं. मी ते चाळीस कारखान्यांच्या कामाला लावलं. तयार लिनक्स आपल्याजवळ नोंद ठेवतं, कुठला तुकडा कुठं आहे, कशावर अवलंबून आहे, कधी बदलला. माझ्या यंत्रात तशी नोंद नव्हती. नोंद माझ्या डोक्यात होती. आणि महिन्या-दोन महिन्यांनी जगात कुठल्या तरी तुकड्यात भोक सापडे, चोर शिरू शकेल असं. सीडीवाल्यांना एका आज्ञेत नवा तुकडा मिळे. मी तो आणून पुन्हा बांधायची, त्याच्यावर उभे असलेले बाकीचे तुकडे आठवायची, तेही पुन्हा बांधायची. आई विचारायची, अगं एकदा केलंस ना, मग पुन्हा पुन्हा काय करतेस? तिला काय सांगणार?

एकदा मावशीबरोबर पावागडला गेलो होतो. अर्ध्या पायऱ्या झाल्या होत्या. ऊन चढलं होतं, लिंबूसरबत घेऊन दगडावर बसलो होतो, आणि कंपनीनं दिलेला मोबाइल वाजला. पाणीगेट पत्रं घेत नव्हतं. मी फोनवरून नीताबेनना सांगायला लागले, अमुक ठिकाणी जा, तमुक फाइल उघडा. त्या म्हणाल्या, शुभाबेन, ही फाइल वहीत नाही. ती कुठंच नव्हती. माझी एक युक्ती होती, मला सोयीची म्हणून भलत्याच जागी ठेवलेली. मी दर्शन न घेता उतरले. मावशी आठ दिवस बोलली नाही. आणि उतरताना मला काय वाटत होतं? राग आला होताच. पण त्याच्या खाली, अगदी खाली, एक गुदगुली होती. माझ्याशिवाय चालत नाही. ती गुदगुली मी तेव्हा ओळखायला हवी होती.

त्या वर्षी चैत्राच्या शेवटी पुण्याहून पत्र आलं. मोठी कंपनी, पन्नास-साठ सर्व्हर, माझ्यासारख्याच वेड्यांची एक अख्खी खोली. मी मुलाखतीला गेले होते तेव्हा त्या खोलीत दुपारभर बसून आले होते. तिथं मी अर्धं वाक्य बोलले की पुढचं अर्धं दुसरं कुणीतरी बोलत होतं. बडोद्यात माझं हे बोलणं समजणारं एकही माणूस नव्हतं. जूनच्या पहिल्या तारखेला हजर व्हायचं होतं. मला आयुष्यात दुसरं काही इतकं हवं होतं असं आठवत नाही.

बाबांना माझ्याहून जास्त हवं होतं. बाबा प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. आजोबा संस्थानच्या नोकरीत आले, बाबा रेल्वेत चिकटले, आणि दोन पिढ्या आम्ही स्टेशनपासून पाच मैलांत राहिलो. माझं पत्र त्यांनी दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि मंगळबाजारात जाऊन चाकांची बॅग घेऊन आले. आमच्या घरातली पहिली चाकांची बॅग. हॉलमध्ये इकडून तिकडे ओढून त्यांनी ती आईला दाखवली. पुण्याच्या आत्याला कळवून टाकलं. येईल-जाईल त्याला सांगायला लागले, आमची शुभा पुण्याला चालली. आई म्हणायची, आधी जाऊ तरी दे ने तिला. ती बॅग महिनाभर माझ्या पलंगाशी उभी होती.

जयंतभाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग म्हणाले, नीताबेनना सगळं शिकवा आणि खुशाल जा. महिना होता हातात. मी शिकवायला बसले. नीताबेन वही उघडत, पेन उघडत. मी एक आज्ञा सांगे. त्या विचारत, ही का? मी कारण सांगे. त्या कारणाचं कारण विचारत. ते सांगायला मला आणखी चार गोष्टी सांगाव्या लागत, आणि त्यातली एखादी मलाच नीट सांगता येत नसे. मग मी म्हणे, राहू द्या, हे मी बघते. दिवसातून दहा वेळा राहू द्या. त्या ओळीपुढं एक फुली मारत. पंधरा दिवसांत वहीत फुल्याच जास्त झाल्या.

बाहेर वैशाख पेटला होता. मकरपुऱ्यातला डांबरी रस्ता दुपारी चपलेला चिकटायचा. कारखान्यांच्या भिंतींकडेचे गुलमोहर लालभडक, सावली मात्र कुठंच नाही. केबिनमध्ये एसी होता, यंत्रांसाठी. माणसांना त्याचा उपकार. मी त्या थंडाव्यात बसायची आणि काचेतून नीताबेनच्या टेबलाकडे बघायची. त्यांनी अडगळीतलं एक जुनं यंत्र काढून टेबलावर मांडलं होतं आणि जेवणाच्या सुट्टीत त्यावर काहीतरी करत असायच्या. मी विचारलं नाही. पत्ते खेळत असतील असं वाटलं.

जायला आठ दिवस उरले असताना मी ती चूक केली. चूक तरी कसली, हौस. मला यंत्र स्वच्छ, नवंकोरं करून सोपवायचं होतं. सासरी जाताना मुली घर झाडून जातात तसं. पाणीगेटच्या तळाशी एक लायब्ररी होती. लायब्ररी म्हणजे सगळे प्रोग्राम ज्यावर उभे असतात तो सामाईक पाया. ती जुनी झाली होती, नवी आवृत्ती आली होती. त्या छापील मार्गदर्शिकेत ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, चालत्या यंत्रात ही लायब्ररी बदलू नका. मी ती ओळ शंभर वेळा वाचलेली होती. सकाळी अकरा वाजता, चाळीस कारखान्यांची पत्रं चालू असताना, मी ती बदलायला घेतली. दुसऱ्यांसाठी लिहिलेली सूचना आहे, असं मला खरोखर वाटलं होतं.

अर्ध्यावर सगळं थांबलं. फाइलींची यादी मागितली, चूक आली. काहीही मागितलं, तीच चूक. पायाचा अर्धा भाग नवा झाला होता, अर्धा जुना होता, आणि त्यावर आता काहीच उभं राहू शकत नव्हतं. आधीपासून स्मृतीत चालू असलेलं तेवढं कसंबसं चालत होतं, नवं काही सुरू होत नव्हतं. आत शिरायचा मार्गही बंद, कारण आत घेणारा प्रोग्रामसुद्धा त्याच पायावरचा. मी आधीच आत होते, म्हणून आत होते. माझ्यासमोरची ती एक उघडी खिडकी मिटली, चुकून बाहेर पडण्याची कळ दाबली गेली, वीज गेली, की संपलं. मी हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले. नंतर लक्षात आलं, मी श्वासही बेतानं घेत होते.

बारापासून फोन सुरू झाले. पत्रं येत नाहीत. नीताबेन एकेकाला समजावत होत्या. मी खुर्चीतून उठू शकत नव्हते. उठले आणि तारेत पाय अडकला तर, अशी भीती. पाणी प्यायले नाही, जेवले नाही. दोन वाजता खरंच वीज गेली. एसी बंद पडला, पंखे बंद, आणि यूपीएस टुकटुक करायला लागला. बॅटरी फार तर पाऊण तासाची. केबिनचं दार उघडलं तर धूळ येईल म्हणून दार बंद. दहा मिनिटांत काचेला आतून वाफ धरली. पाठ खुर्चीला चिकटली. त्या पेटीत मी, एक चकाकणारा पडदा आणि दर काही क्षणांनी ती टुकटुक. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की मी या यंत्राच्या बाहेर कधी नव्हतेच.

अर्ध्या तासानं वीज आली. तेव्हा जयंतभाई आणि नीताबेन आत आले. नीताबेनच्या एका हातात मासिकाची सीडी होती, दुसऱ्या हातात वही. त्यांनी वही माझ्यासमोर उघडून धरली. चार पानं, सुवाच्य अक्षर, एकही फुली नाही. जेवणाच्या सुट्टीत त्या जुन्या यंत्रावर त्या हेच करत होत्या. सीडीवरचं तयार लिनक्स घालायचं, पत्रांचा साठा वेगळ्या भागात असतो तो जसाच्या तसा जोडायचा, ईमेल सुरू करायची. त्यांनी ते सहा वेळा करून पाहिलं होतं. म्हणाल्या, तुम्ही जाणार म्हणून करून ठेवलं, तुमचं मला जमणार नाही हे मला कळलं होतं.

जयंतभाईंनी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझा अवतार बघण्यासारखा असणार. ते हळू आवाजात म्हणाले, "जवा दो ने, शुभाबेन. सीडी नाखी दईए. एक दिवस बंध रहेशे तो रहेशे. तमे तमारे पूना जाव."

जाऊ द्या. एक दिवस बंद राहिलं तर राहिलं. तुम्ही पुण्याला जा. इतकं सोपं होतं. मी खुर्चीतून उठायचं होतं आणि नीताबेनना बसू द्यायचं होतं.

मी म्हणाले, "पाच मिनिटं द्या."

पाच मिनिटांचा तास झाला. यादीची आज्ञा चालत नव्हती, पण माझी खिडकी स्वतः जिवंत होती आणि तिला स्वतःचं असं थोडं बोलता येत होतं. तिच्याकडून मी फाइलींची नावं वदवून घेतली, एकेका कप्प्यातली. नावांच्या त्या गर्दीत तीन अक्षरांचं एक नाव दिसलं. फार लहानसा प्रोग्राम, लायब्ररीवर न विसंबणारा, लागतं ते सगळं स्वतःच्या पोटात घेऊन बसलेला. त्याचं काम एकच, नावाची खूण एका फाइलीवरून काढून दुसऱ्या फाइलीवर लावायची. जुनी लायब्ररी अजून शेजारीच पडलेली होती, नुसत्या खुणा हलल्या होत्या. दोन ओळींचं काम.

इथं मला खरं सांगायचं आहे. त्या दोन ओळी लिहून झाल्यावर मी थांबले. मला स्पष्ट दिसत होतं. एंटर दाबलं तर पाणीगेट वाचेल, माझं पाणीगेट, फक्त मला कळणारं. नाही दाबलं तर ते मरेल, त्याच्या जागी नीताबेनच्या वहीतलं यंत्र येईल आणि मी मोकळी होईन. कुणी माझा हात धरला नव्हता. जयंतभाई दाराशी उभे होते, नीताबेन सीडी घेऊन बाजूला. मी एंटर दाबलं.

मग यादी मागितली आणि यादी आली. बाहेर फोन थांबले. नीताबेननी वही मिटली आणि आपल्या टेबलाशी गेल्या. जयंतभाईंनी सगळ्यांना उसाचा रस मागवला. शेजारच्या शेडमधले दोघं-तिघं आले, शुभाबेन होत्या म्हणून वाचलं असं बोलणं झालं, आणि मी रसाचा ग्लास हातात धरून ती सगळी वाक्यं ऐकली. निघताना जयंतभाई पुन्हा म्हणाले, आता रविवारी निवांत सीडी घालून टाकू, तुमची तारीख चुकायला नको. मी म्हणाले, नको, सीडीवालं नीट नसतं, कामाचं नाही. ते बघत राहिले.

मी त्यांच्याच टेबलावरून पुण्याला फोन केला. म्हणाले, मला येता येणार नाही, इथं माझ्याशिवाय चालत नाही. पलीकडच्या बाईंनी एकदा विचारलं, नक्की ना? मी नक्की म्हणाले.

घरी आले तेव्हा ऊन कललं होतं. बाबा जिन्यात उभे होते, छुंद्याचं पातेलं घेऊन खाली येत होते. माझा चेहरा बघून त्यांनी पातेलं तिथंच पायरीवर ठेवलं. काय झालं, म्हणाले. मला तेव्हा खरं सांगता आलं असतं. बाबा, मीच नको म्हटलं. पण ते सांगायला मला स्वतःला ते कळायला हवं होतं, आणि त्या चाकांच्या बॅगेसमोर ते वाक्य तोंडातून निघणं शक्य नव्हतं.

मी म्हटलं, "सोडत नाहीत."

बाबा म्हणाले, "कोण, जयंतभाई?"

मी मान हलवली. आईनं आतून जयंतभाईंना दोन शब्द सुनावले. बाबा पातेलं उचलून आत गेले. मी अंघोळीला गेले आणि बराच वेळ नळाखाली बसून राहिले.

पाणीगेट पुढं आणखी तीन वर्षं चाललं. मी त्याचे तुकडे बांधत राहिले, भोकं बुजवत राहिले. आत्याच्या मुलीच्या लग्नाला गेले ती अक्षता टाकून परत. घरात दर वैशाखात जयंतभाईंचा उद्धार व्हायचा, त्या माणसानं पोरीचं आयुष्य अडकवलं म्हणून, आणि मी पानावर मान खाली घालून जेवायची. मग पत्रं सांभाळायचं काम दूरच्या मोठ्या कंपन्या फुकट करायला लागल्या, कारखाने एकेक करून गेले, आणि एका दुपारी मी दोन्ही यंत्रं बंद केली. भंगारवाल्यानं ती हातगाडीवर घातली. नीताबेनना तोवर एका कारखान्यात काम मिळालं होतं. त्यांच्या वहीच्या जोरावर, असं ऐकलं. आता मी इथंच एका ऑफिसात तेच काम करते, सर्व्हर कुठल्या देशात आहे हेसुद्धा मला ठाऊक नसतं. बिघडला तर एक बटण दाबून नवा मागवते. कुणालाही ते जमेल, आणि मी रजेवर गेले तर कुणाला कळतही नाही. रजा मात्र मी फारशी घेत नाही.

बाबा तीन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात गेले. दहाव्या दिवसानंतर एका सकाळी जयंतभाई भेटायला आले. सत्तरी ओलांडलेली, हातात काठी, शर्ट तसाच पांढरा. आईनं पाणी आणून ठेवलं आणि एक अक्षर न बोलता आत गेली. त्यांच्या ते लक्षात आलं. पाणी प्यायले, बाबांच्या फोटोला हात जोडले, दहा मिनिटांनी उठले. मी रिक्षापर्यंत सोडायला खाली उतरले. फाटकाशी थांबून ते म्हणाले, "तमारा पप्पा आव्या हता मारी पासे. ए वखते."

तुमचे वडील माझ्याकडे आले होते, त्या वेळेस. कुठल्या वेळेस, हे मला विचारावं लागलं नाही. त्या दिवसानंतरच्या सकाळी, मी ऑफिसात पोहोचायच्या आधी बाबा मकरपुऱ्याला गेले होते. इस्त्रीचा शर्ट घालून, दोन बस बदलून. रेल्वेतल्या त्यांच्या गुजरातीत म्हणाले, माझ्या मुलीला सोडा, ती पुन्हा विचारणार नाही, म्हणून मी विचारायला आलो. जयंतभाईंना क्षणभर कळेना. मग त्यांनी विचारलं, मी सोडत नाही असं शुभाबेन म्हणाल्या? बाबा हो म्हणाले.

"मग मी त्यांना काय सांगणार होतो?" जयंतभाई गुजरातीत म्हणाले. "मी सांगितलं, नाही सोडता येणार. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. मग हात जोडले. मी पुन्हा नाही म्हटलं."

रिक्षा आली. मी काहीतरी म्हणायला गेले, पण त्यांनी हातानं राहू द्या अशी खूण केली आणि काठी आधी आत टाकून सावकाश चढून बसले.

मी वर आले. आई ओट्याशी उभी होती, त्यांचा पाण्याचा ग्लास हातात धरून. म्हणाली, "या घरात पाऊल ठेवायला त्या माणसाला काहीच वाटलं नाही?"

मी तिच्या हातातून ग्लास घेतला, नळ सोडला, आणि तो स्वच्छ झाल्यावरही विसळत राहिले.